गुणात्मक प्रबंधाचा आराखडा : एक परीक्षण, नाहूर गांवाच्या उदाहरणासह

[ १ ]

विद्यापीठांत प्रबंध लिहूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास प्रबंधाच्या आधीं एक आराखडा सादर करावा लागतो. तो समितीपुढें वाचला जातो, मान्य होतो, आणि मग तो विद्यार्थी आमच्यासारख्या मंडळाच्या दारांत किंवा एखाद्या जुन्या घराण्याच्या ओसरीवर येऊन उभा राहतो. "माझा विषय मंजूर झाला आहे, आपणांजवळचीं कागदपत्रें पाहावयास मिळतील काय?" असें तो विचारतो. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आमच्या वाचकांस हा प्रसंग नवा नाहीं. तेव्हां आराखडा ही विद्यापीठाची घरची बाब आहे असें समजून तिकडे कानाडोळा करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. आराखडा बिघडला म्हणजे विद्यार्थ्याचीं वर्षें तर जातातच. पण ज्या वृद्धानें एकदांच सांगितलें असतें तें अर्धवट टिपलें जातें, आणि जें दप्तर एकदांच सोडलें असतें तें भलत्याच प्रश्नासाठीं सोडून पुन्हां बांधून ठेविलें जातें. हें नुकसान दुसरा आराखडा लिहून भरून येत नाहीं.

गुणात्मक संशोधन म्हणजे मोजणीपेक्षां अर्थाकडे लक्ष देणारें संशोधन. माणसें आपल्या जमिनीचा, दैवतांचा, नात्यांचा आणि भूतकाळाचा अर्थ कसा लावितात, हें दीर्घ मुलाखती, प्रत्यक्ष निरीक्षण आणि घरोघरचे लेख यांवरून शोधणें हें त्याचें काम. या पद्धतीच्या प्रबंधांचे आराखडे सध्यां ज्या सांच्यांतून निघतात त्याची परीक्षा करावी, त्यास पर्याय म्हणून पुढें आलेल्या एका पाश्चात्य ग्रंथाचें मोल ठरवावें, आणि मुंबई उपनगरांतील नाहूर हें गांव उदाहरणार्थ घेऊन आमचें मत पडताळून पाहावें, असा या लेखाचा क्रम आहे. आमचें मत आरंभींच सांगून ठेवितों. आराखडा म्हणजे निष्कर्षासाठीं दिलेला विसार नव्हे. साधनें आपणांस कोठें दुरुस्त करूं शकतील हें जो आराखडा आधीं लिहून ठेवितो तो चांगला. जो हें लिहीत नाहीं तो दिसावयास कितीही नीटस असला तरी कामाचा नाहीं.

[ २ ]

प्रचलित सांचा वाचकांच्या परिचयाचा असेल. प्रस्तावना, विषयाचें महत्त्व, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टें, गृहीतकें, व्याप्ति व मर्यादा, संशोधनपद्धति, प्रकरणयोजना आणि संदर्भसूची हीं त्याचीं अंगें. मान्य झालेले आराखडे गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगोत्री' या संग्रहांत, आणि पुरे झालेले प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहांत ठेवण्याची सोय आतां झाली आहे. त्यामुळें आराखडा व प्रबंध शेजारीं ठेवून वाचणें ज्याला हवें त्याला शक्य आहे. वर सांगितलेलीं अंगें मुळांतच वाईट आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. एका कामासाठीं घडविलेलीं हत्यारें दुसऱ्या कामास लाविलीं जातात, हा खरा दोष आहे.

सर्वांत मोठा घोटाळा गृहीतकाचा. विधान मांडावें आणि तें टिकतें कीं नाहीं हें ठरवावें, ही प्रयोगशाळेची व सांख्यिकीची रीत होय. तेथें ती शोभते, कारण काय मोजावयाचें हें तेथें आधीं ठाऊक असतें. आतां अशी कल्पना करूं कीं, एका आराखड्यांत 'नागरीकरणामुळें नाहूरच्या मूळ रहिवाशांच्या सांस्कृतिक जीवनावर प्रतिकूल परिणाम झाला आहे' असें गृहीतक आहे, आणि तें तपासण्यासाठीं शंभर लोकांस वीस प्रश्नांची प्रश्नावली देण्याचें ठरलें आहे. हें उदाहरण आम्हींच रचिलें आहे. कोणा एकाच्या लिखाणावर रोख नाहीं. यांत 'मूळ रहिवासी' कोण हें कोणीं ठरविलें? 'सांस्कृतिक जीवन' म्हणजे गांवदेवीची जत्रा, कीं ख्रिस्ती घरांतील सण, कीं मिठागरावरचें जोडीनें केलेलें काम? 'प्रतिकूल' तें कोणाच्या दृष्टीनें? ज्याचें शेत गेलें त्याच्या, कीं जिला जवळ स्थानक झाल्यामुळें महाविद्यालयांत जातां आलें त्या त्याच्याच नातीच्या? हेच तर संशोधनाचे प्रश्न होते. आराखड्यानें ते गृहीत धरून संपविले, आणि मागें उरलें तें फक्त होय-नाहीं मोजणें. अशा प्रबंधाच्या अखेरीस 'गृहीतक क्रमांक एक सिद्ध होतें' असें वाक्य येतें. जें शब्दांच्या निवडींतच सिद्ध करून ठेविलें होतें तें अखेरीस सिद्ध झालें, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा दोष प्रकरणयोजनेचा. पांचव्या प्रकरणांत कोणते निष्कर्ष यावयाचे हें जर पहिल्याच दिवशीं ठरलें असेल, तर मधलीं तीन वर्षें कशासाठीं? तिसरा दोष पद्धतीविषयींच्या परिच्छेदाचा. मुलाखत, निरीक्षण, प्राथमिक व दुय्यम साधनें हे शब्द त्यांत ओळीनें येतात. वाचकानें एक साधी कसोटी लावून पाहावी. परिच्छेदांतील गांवाचें नांव पुसून दुसऱ्या गांवाचें घालावें; परिच्छेद तसाच उभा राहिला, तर ती पद्धति नव्हे, केवळ शब्दांची यादी आहे. चवथा दोष 'मर्यादा' या मथळ्याखालचा. वेळ व पैसा अपुरा असल्याचें तेथें सांगितलेलें असतें. पण आपल्या साधनांतूनच आपली दिशाभूल कशी होईल, ही जी खरी मर्यादा, तिचा उच्चार क्वचितच होतो.

[ ३ ]

आमच्यांतील कांहीं वाचक येथें म्हणतील कीं, प्रश्न आधीं मांडण्याच्या हट्टामुळेंच हा गोंधळ होतो; आमची जुनी रीत बरी, साधनें आधीं व विचार मागून. या मताचा मान राखूनही तें जसेंच्या तसें स्वीकारणें आम्हांस कठीण जातें.

या मतासाठीं विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा आधार घेण्यांत येतो. अस्सल साधनें उजेडांत आल्यावांचून इतिहास लिहूं नये, हा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे बावीस खंड आणि १९१० सालीं पुण्यास स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ हीं त्या आग्रहाचीं फळें होत. पण १८९८ सालीं निघालेला पहिलाच खंड उघडून पाहावा. त्यांतील पत्रें १७५० पासून १७६१ पर्यंतचीं, म्हणजे पानिपताशीं येऊन थांबणारीं आहेत, आणि त्यांस जोडलेली दीर्घ प्रस्तावना ग्रँट डफच्या ग्रंथाची व बखरींची कसून झडती घेते. झडती घेणाराच्या मनांत प्रश्नच नव्हता, असें कोण म्हणेल? राजवाड्यांचा प्रश्न पक्का होता. उत्तर मात्र त्यांनीं कागदांवर सोपविलें होतें. साधनें आधीं या वचनाचा हा अर्थ घेतला तर आमचा त्यास विरोध नाहीं.

उलट, प्रश्नावांचून केलेल्या संग्रहाची काय गत होते, हेंही संग्राहकांस ठाऊक आहे. बाड बांधलें जातें, रुमालावर गांवाचें नांव पडतें; पण कागद कोणाच्या घरीं, कोणत्या पेटींत, कोणत्या दुसऱ्या कागदांच्या सोबतीनें सांपडला, हें लिहिलें जात नाहीं, कारण तें विचारावें असें कोणास वाटलेलें नसतें. तीस वर्षांनीं कागद हातांत राहतो आणि त्याची साक्ष निघून जाते.

[ ४ ]

पाश्चात्य विद्यापीठांतही हा वाद झाला आहे. ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोघां समाजशास्त्रज्ञांनीं १९६७ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, सिद्धांत बाहेरून आणून माहितीवर लादूं नये. तो माहितींतूनच घडत यावा. त्याचा सोयीचा अर्थ करणारांस, आराखडा हवाच कशाला, गांवांत जाऊं तेव्हां पाहूं, असें म्हणावयास जागा मिळाली. या दोन टोंकांमध्यें उभें राहणारें पुस्तक म्हणून जोसेफ मॅक्सवेल यांच्या 'क्वालिटेटिव्ह रिसर्च डिझाइन' या ग्रंथाकडे आम्ही पाहतों. त्याची पहिली आवृत्ति १९९६ ची व तिसरी २०१३ ची आहे.

मॅक्सवेल यांनीं संशोधनाच्या मांडणीचीं पांच अंगें सांगितलीं आहेत : हेतु, वैचारिक चौकट, संशोधनाचे प्रश्न, पद्धति आणि प्रामाण्य. हीं एकामागून एक चढावयाच्या पायऱ्या नव्हेत. प्रश्न मध्यभागीं आहेत आणि बाकीचीं चार अंगें त्यांशीं व एकमेकांशीं बांधलेलीं आहेत. एक हललें कीं दुसऱ्यांस हलावें लागतें. आराखडा म्हणजे ही सर्व मांडणी विषयाबाहेरच्या समंजस वाचकास पटवून देणारें प्रतिपादन होय, असें ते मानितात.

या ग्रंथाचे दोन गुण आम्हांस विशेष वाटले. संशोधनाचा प्रश्न आणि मुलाखतींत विचारावयाचा प्रश्न हे निराळे होत, हें त्यांत स्पष्ट केलें आहे. आपणांस जें जाणून घ्यावयाचें तें तसेंच समोरच्या माणसास विचारलें तर बहुधा पुस्तकी उत्तर मिळतें. दुसरा गुण असा कीं, प्रामाण्याच्या प्रकरणांत त्यांनीं 'आपण कोठें चुकूं शकूं' या प्रश्नास मुख्य स्थान दिलें आहे. संशोधकाचा स्वतःचा ओढा आणि त्याच्या उपस्थितीनें सांगणाऱ्यावर होणारा परिणाम, हे दोन धोके नांव घेऊन ओळखावे व ते कसे तपासणार हें त्या त्या विषयापुरतें लिहावें, अशी त्यांची मागणी आहे. वर आम्हीं 'मर्यादा' या मथळ्याविषयीं जी तक्रार केली तिचें उत्तर येथें मिळतें.

उणीव सांगावयाची तर ती आमच्या वाचकांच्या दृष्टीनेंच सांगावी लागते. नमुन्यादाखल पुरा छापलेला आराखडा वैद्यकीय महाविद्यालयांतील अध्यापनाविषयींचा आहे, आणि ग्रंथाचा एकंदर भर मुलाखत व निरीक्षण यांवर आहे. महाराष्ट्रांत माणूस बोलतां बोलतां उठतो, आंत जातो आणि फडक्यांत बांधलेला मोडी कागद आणून पुढें ठेवितो. त्या क्षणीं मुलाखत घेणारा कागदाचा वाचकही होतो. कागद अस्सल कीं नक्कल, अक्षर कोणत्या काळाचें, वाचन कोठें शंकास्पद, तो या घरीं कसा आला, हे प्रश्न त्या ग्रंथांत हवे तितके येत नाहींत. ते आपले आपणांसच घालावे लागतील.

[ ५ ]

आतां नाहूरकडे येऊं. साष्टींतील हें गांव भांडुप आणि मुलुंड यांच्या दरम्यान आहे. पूर्वेच्या अंगास ठाण्याची खाडी, खाजणें व मिठागरें; पश्चिमेच्या अंगास डोंगर. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती याच पट्ट्यांतून. पण नाहूरास स्वतःचें स्थानक मिळावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें. १९५७ सालीं बृहन्मुंबईची हद्द मुलुंडपर्यंत वाढली आणि हा सर्व भाग महानगरांत आला. आतां तेथें उंच इमारतींची दाटी आहे. २०२४ सालीं धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठीं कांजूर, भांडुप व मुलुंड येथील मिळून सुमारें २५६ एकर मिठागरांची जमीन वापरण्यास राज्य मंत्रिमंडळानें मान्यता दिली. खाजणांतल्या बांधांचीं नांवें सांगणारी पिढी वृद्ध आहे. या विषयावर आराखडा लिहावयाचा तर आतांच, हें उघड आहे.

गांवाच्या नांवावर एक मोठा लेखही आहे, आणि मोह उत्पन्न होतो तो त्यामुळेंच. उत्तर कोंकणच्या शिलाहारांपैकीं छित्तराज याचा शके ९४८ (इ. स. १०२६) चा ताम्रपट विद्वानांत 'भांडुप ताम्रपट' या नांवानें ओळखला जातो. ब्यूलर यांनीं तो १८७६ सालीं 'इंडियन अँटिक्वरी'च्या पांचव्या खंडांत प्रसिद्ध केला; पुढें वा. वि. मिराशी यांच्या शिलाहार लेखांच्या संग्रहांत (१९७७) तो आला. श्रीस्थानकांत मोडणाऱ्या षट्षष्टि विषयांतील नोउर या गांवचें एक शेत आमदेवैय नांवाच्या ब्राह्मणास दिल्याची नोंद त्यांत असून शेताच्या चतुःसीमेंत एका बाजूस राजपथ सांगितला आहे. नोउर म्हणजे आजचें नाहूर असें अभ्यासक मानितात. म्हणजे ताम्रपट प्रसिद्ध झाला शेजारच्या गांवाच्या नांवानें, आणि जमीन नाहूरची. केवळ नांवावरून साधनांची यादी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून नाहूरचें सर्वांत जुनें साधन सुटेल, एवढा धडा येथेंच मिळतो.

पण तें ज्याच्या हातीं लागलें त्याची अडचण निराळी. 'नाहूरचा इतिहास : इ. स. १०२६ पासून आजतागायत' असें शीर्षक त्यास तत्काळ सुचतें. शीर्षक भव्य आहे. आराखडा म्हणून तें टिकत नाहीं. १५३४ सालीं साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं ती घेतली, १७७४ सालीं इंग्रजांनीं घेतली. प्रत्येक राजवटीचें दप्तर निराळें, भाषा निराळी, जमिनीचे शब्द निराळे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें पीएच. डी. साठीं किमान तीन व साधारणतः कमाल सहा वर्षें मिळतात. एवढ्या काळांत संस्कृत ताम्रपट, पोर्तुगीज टोंबो, मोडी रुमाल आणि इंग्रजी मोजणी यांवर प्रभुत्व मिळवून वर जिवंत माणसांच्या मुलाखती घेणें एकट्याचें काम नव्हे. आणि समजा तें साधलें, तरी एका शेताच्या दानापासून आजच्या गांवठाणापर्यंत अखंड साखळी आहे हें शीर्षकानेंच गृहीत धरिलें आहे. तें पुराव्यानें दाखवावें लागेल. दोन टोंकें जुनीं व नवीं असल्यानें मधली साखळी आपोआप निर्माण होत नाहीं.

आमच्या मतें येथें विचारण्याजोगा गुणात्मक प्रश्न लहान व नेमका आहे : नाहूरच्या जुन्या घरांतील माणसें जमिनीशीं असलेला आपला संबंध कशाच्या आधारें सांगतात? कागदाच्या, खुणेच्या, देवस्थानाच्या, कीं वाडवडिलांच्या कथेच्या? हा प्रश्न ओसरीवर तसाच विचारावयाचा नाहीं. तेथें "काकी, जुने कागद तुम्ही कशांत ठेवितां? शेवटचे कधीं काढिले होते? तेव्हां वाचावयास कोण आलें होतें?" असें विचारावें. कागद मुलाच्या लग्नांत काढिले, कीं वांटणींत, कीं इमारत बांधणारा दारांत आला तेव्हां, या एका उत्तरांत वीस प्रश्नांच्या प्रश्नावलीपेक्षां अधिक माहिती असते.

किती लोकांस भेटणार यापेक्षां कोणास व कां भेटणार हें आराखड्यांत हवें. उत्तर साष्टींत आगरी, कोळी व ख्रिस्ती घरें आहेत, मिठागरांवर मजुरीस आलेले लोक आहेत, कारखान्यांच्या काळांत आलेलीं भाडेकरू कुटुंबें आहेत. मालमत्तेच्या उताऱ्यावरील नांवांवरून निवड केली तर बाहेर लग्न होऊन गेलेल्या मुली गळतात. आणि लहानपणीं शेतावर भाकरी घेऊन गेलेल्या मुलीस शेताच्या बांधाबांधाची आठवण असते, तिचें नांव उताऱ्यावर असो वा नसो. संख्या आरंभीं अंदाजानें द्यावी. नव्या भेटींतून नवें कांहीं हातीं लागेनासें झालें म्हणजे थांबूं, असें कारणासह लिहावें. बोली आगरी असेल तर उतारा बोलींतच ठेवावा व प्रमाण मराठींतील रूप शेजारीं द्यावें, कारण जमिनीचे शब्द भाषांतरांत प्रथम मरतात.

वेळापत्रकही गांवावरूनच ठरावें. मीठ पिकविण्याचें काम पावसाळ्यानंतर तयारीस लागतें आणि साधारण जानेवारीपासून जूनच्या पावसापर्यंत भरांत असतें. मिठागराचें निरीक्षण जुलैंत घातलेलें वेळापत्रक आम्हीं पाहिलें, तर लिहिणारा तेथें एकदांही गेला नाहीं असेंच आम्ही समजूं.

आतां आमची मुख्य कसोटी. असा विद्यार्थी मनाशीं धरून चालेल कीं, घरें कागदांवर भिस्त ठेवितात. हें त्यानें लपवूं नये. उघड लिहावें, आणि पुढें लिहावें कीं, लोकांनीं कागदांऐवजीं चिंच, विहीर, बांध, थडगें किंवा देवाचा धोंडा दाखविला तर आपला प्रश्न कागदांवरून खुणांकडे वळेल. त्यानें हेंही लिहावें कीं, जमिनीस मोल आलें असतां सांगितलेली कथा त्या मोलामुळेंच तशी सांगितली गेली असण्याचा संभव आहे. तो तपासण्यासाठीं ज्यांच्या जमिनी फार पूर्वीं गेल्या व ज्यांचा आतां कोणताही दावा नाहीं अशा घरांचें सांगणेंही आपण ऐकूं. आणि एखाद्या गृहस्थानें, "आमचें गांव ताम्रपटापासूनचें, हजार वर्षांचें," असें सांगितलें तर? हें वाक्य १०२६ चा पुरावा नव्हे. तो आजचा पुरावा आहे : ताम्रपटाचें ज्ञान छापील पुस्तकांतून गांवांत केव्हां व कसें आलें आणि तें आतां कोणत्या कामीं येतें, याचा. इतिहासाचा विद्यार्थी अशा वाक्याकडे दुर्लक्ष करील आणि भाबडा विद्यार्थी तें प्रमाण मानील. गुणात्मक संशोधनाचा विद्यार्थी त्याची तारीख आजची घालून तें जपून ठेवील.

[ ६ ]

आराखडा केवळ स्वतःच्या प्रबंधापुरता लिहावयाचा नसतो, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. पुण्याजवळच्या लोणी गांवचें वर्णन डॉ. थॉमस कोट्स यांनीं केलें. तें मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या व्यवहारग्रंथाच्या तिसऱ्या खंडांत १८२३ सालीं छापून आलें. घरें, शेतें, पिकें, कर्ज, अन्न, वस्त्र असे तपशील त्यांनीं जसे आढळले तसे नोंदविले. पुढें गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं त्याच लोणीकंदाचा पुन्हां अभ्यास केला व १९६० सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. सव्वाशे वर्षांचें अंतर त्याच्या नांवांतच आहे. कोट्स यांनीं तपशील न देतां केवळ आपला अभिप्राय लिहिला असता, तर घुर्ये यांस ताडून पाहावयास कांहींच उरलें नसतें. विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरील ग्रंथ (१९५९) आणि गुंथर सोन्थायमर यांचा बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांवरील ग्रंथ (१९७६) हीही याच वाटेवरचीं कामें. सोन्थायमर यांनीं धनगरांच्या तोंडच्या कथा व ओव्या यांस पोथीइतकाच साधनाचा मान दिला.

यावरून एक अपेक्षा निघते. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण, टिपणवह्या व कागदांच्या प्रतिमा प्रबंध मान्य झाल्यावर कोठें राहतील, हें आराखड्यांत लिहिलेलें असावें. विद्यार्थ्याच्या घरच्या कपाटांत हें उत्तर पुरेसें नाहीं. दुसऱ्या कोणी पुन्हां तपासावयास आला तर त्यास काय पाहावयास मिळेल, हें सांगतां आलें पाहिजे.

[ ७ ]

येथें एक खरी अडचण उभी राहते, आणि तिचा विचार आमच्या वाचकांनींच करावा. गुणात्मक पद्धतींत सांगणाऱ्याचें नांव झांकण्याची चाल आहे. त्यास त्रास होऊं नये हा तिचा हेतु. आमच्या शास्त्रांत उलट आहे : कागद कोणाच्या संग्रहांतील हें सांगितल्यावांचून आम्ही तो प्रमाण मानीत नाहीं. दोन्ही नियम आपापल्या जागीं योग्य आहेत. पण नाहूरसारख्या जुन्या गांवठाणांत कागदाच्या मालकाचें नांव छापलें कीं त्याच्या घरांतील सांगणारा कोण हें लपत नाहीं. आणि जमिनीचा तंटा चालूं असेल तर विश्वासानें बोललेलें वाक्य उद्यां कोर्टांत प्रतिपक्षाच्या हातीं दिसेल. विद्वत्तेच्या हौसेखातर एखाद्या घराचें नुकसान करणें आम्हांस मान्य नाहीं.

आमची सूचना अशी. कागदाची परवानगी व मुलाखतीची परवानगी निरनिराळी घ्यावी. एकीवरून दुसरी गृहीत धरूं नये. प्रबंधांत कागदास व मुलाखतीस स्वतंत्र क्रमांक द्यावे, आणि त्यांचा मेळ घालणारी यादी मंडळाकडे किंवा विद्यापीठाकडे मोहरबंद ठेवून ती केव्हां उघडावी तें वर्ष मालकाच्या संमतीनें लिहावें. तपासणी आज होणार नाहीं, पण अशक्यही होणार नाहीं. मूळ कागद घरींच राहावा, प्रतिमेची एक प्रत घरास द्यावी. पंचाहत्तर वर्षांहून जुनें, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तु कायद्यांत मोडतें व परवान्यावांचून देशाबाहेर नेतां येत नाहीं, हें परदेशच्या विद्यापीठांतून येणाऱ्या विद्यार्थ्यानें आरंभींच जाणून असावें.

[ ८ ]

एकंदर निर्णय असा. प्रचलित सांचा मोजणीच्या प्रबंधांस ठेवावा; गुणात्मक प्रबंधास तो लावूं नये. मॅक्सवेल यांचा ग्रंथ आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावा आणि त्यांत कागदाच्या परीक्षेची आमची भर घालावी. आराखडा तपासणाऱ्या समित्यांनीं नीटसपणापेक्षां सच्चेपणास अधिक गुण द्यावे : प्रश्न बदलला असें वर्षाअखेर सांगणारा विद्यार्थी मागें पडला असें न मानतां, कां बदलला हें त्यास विचारावें. २०२२ च्या नियमांतील संशोधन सल्लागार समितीचें काम आराखडा पाहणें व पुढें प्रगति तपासणें हें आहे. तेव्हां अशा दुरुस्तीस नियमांत जागा नाहीं असें म्हणतां येणार नाहीं.

आमच्या संग्राहक वाचकांच्या हातीं एक अधिकार आहे, तो त्यांनीं वापरावा. दप्तर सोडण्यापूर्वीं विद्यार्थ्यास त्याचा आराखडा दाखविण्यास सांगावें. माझ्या कागदांत तुमच्या समजुतीच्या उलट निघालें तर काय कराल? हा कागद ज्या घरून आला त्या घरास यांतून काय परत मिळेल? तुमच्यानंतर कोणी आला तर तुमचीं टिपणें त्यास कोठें सांपडतील? एवढ्या तीन गोष्टींचें सरळ उत्तर ज्याच्या आराखड्यांत आहे त्यास दप्तर मोकळ्या मनानें दाखवावें. ज्याच्या आराखड्यांत तें नाहीं त्यास परत पाठवूं नये. ओसरीवर बसवावें, चहा द्यावा, आणि तीं उत्तरें त्याजकडून तेथेंच लिहवून घ्यावीं. नाहूरच्या खाजणांत बांध दाखवूं शकणारे लोक अजून आहेत, तोंवर या कामास उशीर झालेला नाहीं.